पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा: विदर्भातल्या उन्हाळ्यात घर, काम आणि जीव कसा सांभाळावा

मे महिना लागला की नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावं बातम्यांत रोज आकड्यासकट येतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, त्याची आठवण अजून निघते. आकड्याची चर्चा होणारच. पण ऊन बाधतं ते बहुतेकदा पहिल्याच दिवशी नव्हे. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला मिळालं नाही आणि असं दोन-तीन रात्री चाललं, की घरातलं सर्वांत कमजोर माणूस आधी खचतं. म्हणून खाली जे सांगितलंय त्याचा रोख एकच आहे: चोवीस तासांतले काही तास तरी शरीर खरंच थंड झालं पाहिजे.

यामागचं कारण साधं आहे. हवा कातडीपेक्षा थंड असते तोवर शरीरातली उष्णता आपसूक बाहेर जाते. कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याच्या वर गेली की घाम येऊन तो वाळणं, एवढा एकच मार्ग उरतो. आमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे घाम लगेच वाळतो. माणसाला वाटतं घामच आला नाही, आणि तेवढ्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. कोकणात आणि मुंबईकडे उलटं: घाम येतो पण वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता. त्यामुळे ‘आमच्याकडे तर अडतीसच आहे’ असं म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

एप्रिलमध्येच उरकायची कामं

पहिलं काम छताचं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दोन वाजेपर्यंत ते खोलीत ओकत राहतो. गच्ची झाडून धुऊन घ्या, पापुद्रे खरवडा आणि चुन्याचे दोन हात द्या. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा फेव्हिकॉल किंवा डिंक घालतात. पांढरं छत ऊन परतवतं आणि खालच्या खोलीत फरक त्याच रात्री कळतो. बाजारात यासाठी महागडे रंगही मिळतात, पण आधी चुना करून बघा.

पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, हे सांगायला नको. पत्र्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा (तुरीच्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) थर टाकायची गावाकडची पद्धत चांगलीच आहे. फक्त वरून विजेची तार जात असेल किंवा खाली चुलीचा धुराडा असेल, तर तिथे वाळलेलं काही ठेवू नका. अशा ठिकाणी पत्र्यापासून हातभर उंचीवर हिरवी जाळी ताणा. मधून हवा खेळली की पत्रा कमी तापतो.

खिडक्यांचं गणित बहुतेक जण उलटं करतात. पडदा आतून लावतात, पण ऊन काचेतून आत आल्यावर अडवून उपयोग अर्धाच. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून गोणपाट, चटई किंवा वाळ्याची ताटी लावा. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद करा आणि सूर्य मावळल्यावर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड वाटू लागली की सगळ्या उघडा.

कूलर: हवाही, धोकाही

विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, म्हणून यावर थोडं जास्त बोलू. कूलर खोलीत आतल्या बाजूला ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या, तर तासाभरात खोली दमट होते आणि माणूस घामाने भिजतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा मिळाली पाहिजे आणि समोरून ती निघून जायला वाट पाहिजे. खिडकीत कूलर आणि समोरचं दार चार बोटं उघडं, एवढं पुरतं. कूलरच्या जुन्या ताट्या खारामुळे कडक होतात, पाणी त्यांवरून नुसतं ओघळतं. दरवर्षी नव्या घाला.

आता धोका. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात आणि जवळपास नेहमी चित्र तेच असतं: लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली सांडलेलं पाणी, अनवाणी पाय, आणि चालू कूलरमध्ये पाइप किंवा बादलीने भरलं जाणारं पाणी. पंपाच्या वायरचं आवरण फाटलेलं असतं आणि अर्थिंग नावालाही नसतं. म्हणून क्रम पाठ करा. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मग पाणी भरायचं. हात कोरडे करून, चप्पल घालून पिन परत लावायची. तीन पिनांचाच प्लग वापरा. घराला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या आणि जमल्यास मीटरजवळ विजेची गळती पकडणारा स्विच बसवा. लहान मुलाला कूलरच्या जाळीशी खेळू देऊ नका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो.

कूलर नाही किंवा वीज गेली? ओला पंचा अंगावर टाकून वारा घ्या. हवा चाळिशीच्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा लावला तर तो गरम हवाच अंगावर मारतो. अंग ओलं असेल तरच पंख्याचा फायदा. एसी असेल तर तो १८ वर नेऊन बिल वाढवण्यापेक्षा २७ वर ठेवून सोबत पंखा लावा, पुरेसं गार वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की घर दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या आत ठेवावं. मे महिन्यात नागपुरात हे वाचून हसूच येईल. अख्खं घर थंड ठेवणं शक्य नसेल तर एकच खोली निवडा, शक्यतो तळमजल्यावरची, उत्तरेची, आणि सगळे जण दुपारी व रात्री तिथेच थांबा.

अंदाज कसा वाचायचा

हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतो. किनाऱ्यावर हीच मर्यादा ३७ आहे. सरासरी काहीही असो, ४५ झालं की लाट आणि ४७ झालं की तीव्र लाट. इशारा पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत येतो. आमच्याकडे पिवळ्याकडे कोणी बघत नाही. पण घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर तयारी पिवळ्यालाच सुरू करायची.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, तो आकडा जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेला असतो. डांबरी रस्त्यावर, पत्र्याखाली किंवा भट्टीजवळ तुम्हाला भोगावं लागतं ते त्याहून बरंच जास्त. दुसरी, अंदाजात ‘उष्ण रात्र’ असा उल्लेख आला तर तो लाल रंगाइतकाच गंभीर समजा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकड्यांचं मात्र काही खरं नसतं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. सेन्सर बिघडल्याचं हवामान विभागाने नंतर सांगितलं.

पाणी, मीठ आणि खिशातला कांदा

तहान लागेल तेव्हा पिऊ, हे उन्हात चालत नाही. तहान उशिरा लागते, म्हाताऱ्यांना तर लागतही नाही. घरात असाल तर दर तासाला पेलाभर. उन्हात राबत असाल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, पण तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका. लघवीचा रंग बघा: फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद झाली किंवा दुपारभर झालीच नाही तर पाणी कमी पडलंय.

घामावाटे मीठही जातं, ते नुसत्या पाण्याने भरून येत नाही. दिवसभर लिटर-लिटर साधं पाणी पिऊन काहीच न खाणाऱ्या माणसाच्या रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोकांना वाटतं आणखी पाणी द्यावं. म्हणून ताक, मठ्ठा, आंबील, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी, कैरीचं पन्हं हे सगळं उपयोगाचं आहे. जलसंजीवनीचं (ओआरएसचं) पाकीट घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ ढवळा. चमचा चहाचा. प्रमाण अंदाजाने वाढवू नका, जास्त मीठ घातक असतं. हृदय, किडनी किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी किती पाणी आणि किती मीठ घ्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी नको. दूधच वारंवार पाजा आणि आईला भरपूर प्यायला द्या.

माठ वाळूवर ठेवा, रोज धुऊन भरा, पाणी ओगराळ्यानेच काढा. बाहेरचा ऊसाचा रस आणि सरबत यांत भीती उसाची नसते, बर्फाची असते. बर्फाविना मागा. दारूने लघवी वाढते आणि ऊन लागल्याचं कळतही नाही, त्यामुळे लाटेच्या दिवसांत ती बंदच.

आणि कांदा? खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही याला काही आधार नाही. जेवणात खा, उत्तम. आजीने खिशात घातला तर काढून तिचं मन दुखवू नका, फक्त त्याच्या भरवशावर दुपारी दोनला बाहेर पडू नका. डोक्याला कानासकट गुंडाळलेला सुती दुपट्टा मात्र खरंच राखतो. निघताना तो ओला करून पिळून घेतला तर आणखी बरं.

ज्यांना उन्हात जावंच लागतं

‘दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका’ हा सल्ला ऑफिसवाल्यांसाठी ठीक आहे. सेंट्रिंगवाला, रोजगार हमीवरची बाई, घरपोच डबे पोचवणारा पोरगा यांना तो ऐकून काय करायचं? त्यांच्या हाती असतं ते वेळ सरकवणं. गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्ता तोडणारे अंधारातच जंगलात शिरतात आणि ऊन चढायच्या आत पानांचे गठ्ठे घेऊन परततात. शेतकरीही वखर पहाटे जुंपतो आणि दहाला सोडतो. बांधकामावर हीच पाळी लावता येते: पहाटे ते साडेदहा, मग संध्याकाळी चारनंतर. स्लॅब टाकायचा असेल तर तो रात्री टाका.

मुकादमाने आणि मालकाने तीन गोष्टी पुरवल्याच पाहिजेत: कामाजवळ सावली, गार पाणी, आणि दर तासाला मजुरी न कापता दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती. एकट्याला कामाला लावू नका, जोडीने लावा. ऊन चढलेल्या माणसाला स्वतःला काही होतंय हे समजतच नाही, ते शेजारच्यालाच दिसतं.

नव्या माणसाकडे खास लक्ष द्या. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. कामावर नवा आलेला किंवा आजारातून उठलेला गडी पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्शाएवढंच करेल असं बघा, मग रोज तेवढंच वाढवा. हाच नियम पुण्या-मुंबईहून मेमधल्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना लागू आहे. एसी ऑफिसातून थेट यवतमाळच्या भर दुपारच्या वरातीत नाचायला उतरलेला मामेभाऊ हा घरातल्या आजोबांइतकाच जोखमीचा. (भर दुपारच्या मुहूर्ताचा हट्ट कधी सुटणार, देव जाणे.) वरात ठेवायचीच असेल तर संध्याकाळी ठेवा, नाहीतर ती वीस मिनिटांत आटपा, आणि जाड कोट घालून वाजवणाऱ्या बँडवाल्यांना पाणी विचारा. त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

घरातली जोखमीची माणसं

एकटे राहणारे म्हातारे, वरच्या मजल्यावर राहणारे, अंथरुणाला खिळलेले, मधुमेह, हृदय, किडनी किंवा मनाच्या आजारावर गोळ्या घेणारे, गरोदर बायका, तान्ही मुलं. लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं, मानसिक आजारावरची काही औषधं शरीराची थंड होण्याची ताकद कमी करतात. म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. मार्च-एप्रिलमध्येच डॉक्टरांना एकदा विचारून घ्यायचं. इन्सुलिन खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका. फ्रीज नसेल तर बाटली पिशवीत बंद करून गार, ओल्या मातीच्या भांड्यात ठेवा.

अशा माणसाला दिवसातून दोनदा भेटा, शक्यतो समोरासमोर. फोनवर ‘मी बरी आहे’ असं सगळेच म्हणतात. गेल्यावर त्यांच्या हाताने पाणी प्यायला लावा, घसा कोरडा आहे का बघा, खोलीतली हवा स्वतः अनुभवा. आणि मुलांना उभ्या गाडीत दोन मिनिटांसाठीही सोडून जाऊ नका. काच थोडी खाली ठेवली तरी दहा मिनिटांत आतली हवा दहा अंशांनी चढू शकते.

कुठे थांबायचं, कुठे धावायचं

पोटऱ्यांत गोळे, भोवळ, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, गार आणि चिकट कातडी: हा उन्हाचा थकवा. सावलीत आडवं करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंग ओलं करून वारा घाला, घोट-घोट जलसंजीवनी द्या. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबल्या नाहीत तर दवाखाना.

उष्माघाताची खूण डोक्यात दिसते. अंग भट्टीसारखं तापलेलं आणि माणूस बरळतोय, भलतंच बोलतोय, चिडतोय, तोल जातोय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपलीय. शांत बसणारे आजोबा अचानक कुणावरही खेकसू लागले, किंवा आजी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू लागली, तर ‘उन्हाने चिडचिड होते’ म्हणून सोडू नका. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असंही समजू नका. राबता राबता पडलेल्या माणसाचं अंग घामाने चिंब असू शकतं. शरीराचं आतलं तापमान अशा वेळी चाळिशीच्या वर असतं. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो, त्यावर विसंबू नका.

इथे पुढचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा असतो. १०८ ला फोन लावायला एकाला सांगा आणि बाकीच्यांनी लगेच थंड करायला घ्या. नुसतं गाडीत घालून पळवू नका. आधी थंड करायचं आणि थंड करत करतच न्यायचं.

सावलीत आणा, वरचे कपडे काढा. डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता आणि सुपाने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने जोरात वारा घाला. अंगावर ओली चादर घातली असेल तर ती दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा भिजवा, तापलेली चादर तशीच राहिली तर ती गोधडीचं काम करते. मान, काखा, जांघा इथे कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा. धडधाकट माणूस कामावर कोसळला असेल आणि चार जण हाताशी असतील तर शेतातली ताडपत्री पसरा, त्याला मध्ये निजवा, चौघांनी कडा उचलून धरा, आत बर्फाचं किंवा मिळेल तेवढं गार पाणी ओता आणि हलवत राहा. तोंड पाण्याबाहेर राहील यासाठी एक जण फक्त डोक्याशी हवा.

शुद्धीत नसलेल्याला तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. क्रोसिन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप संसर्गाचा नाही, गोळीने उतरत नाही आणि यकृताला आधीच इजा झालेली असू शकते. माणूस शुद्धीवर येऊन नीट बोलू लागला तरी दवाखान्यात नेलंच पाहिजे, कारण किडनी आणि यकृताचं नुकसान दुसऱ्या दिवशी वर येतं. घरी परतल्यावरही त्याला लगेच उन्हात पाठवू नका. ऊन सोसण्याची ताकद काही आठवडे कमीच राहते. कामावर कधी जायचं ते डॉक्टर ठरवतील, मुकादम नव्हे.

नवतपा संपल्यावर

२५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, लागतो. तो सरला, एखादा वळवाचा शिडकावा झाला, पारा बेचाळीसवर आला की घरोघरी सगळे सैलावतात. पण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हवा दमट झालेली असते, कूलर नुसतं ओलं वारं देतो आणि घाम वाळत नाही. त्या दिवसांत कूलरचा पंप बंद ठेवून नुसता त्याचा पंखा चालवा, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि रात्री झोपण्यापूर्वी अंघोळ करा. गच्चीवर झोपणार असाल तर संध्याकाळी पाणी मारून स्लॅब निवू द्या, मच्छरदाणी लावा आणि ढग गडगडले की अंथरूण गुंडाळून खाली या. मान्सूनपूर्व विजा याच दिवसांत पडतात.